तालमीतला दवाखाना

लालबागच्या त्या तीन मजली चाळीत बकुळाला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. तिची खाणावळ होती. गावाकडून एकटे आलेले गिरणीकामगार पाळीपाळीने तिच्या खोलीत जेवून जात. जेवताना कोणाच्या घरी काय दुखतंय, कोण तापाने फणफणलंय, कोणाच्या बायकोचे दिवस भरत आलेत, हे सगळं तिच्या कानावर पडे. पूर्वी ती ऐकून सोडून देत असे. बेबी गेल्यापासून सोडवेना.

बेबी तिची धाकटी मुलगी. घटसर्पाने गेली. नवऱ्याला, गंगाधरला, गिरणीतून विम्याचं कार्ड मिळालं होतं. कार्ड दाखवलं की डॉक्टर फुकट, औषध फुकट. घसा सुजलेल्या पोरीला कडेवर घेऊन बकुळा कार्डाच्या डॉक्टरकडे धावली, तेव्हा तिला कळलं की कार्ड फक्त कामगाराचं, बायकापोरांचं नव्हे. डॉक्टर वाईट नव्हता. त्यानेच इस्पितळात ने म्हणून सांगितलं, टॅक्सीही थांबवून दिली. पण आधीचे दोन दिवस ती 'कार्ड आहे ना, गंगाधर सुटला की जाऊ' म्हणून थांबली होती, आणि तेवढ्यात पोरीचा श्वास कोंडला.

"बाप्याला ताप आला तर माग थांबतो, म्हणून त्याला औषध," नळावर बायकांच्या घोळक्यात ती एकदा म्हणाली. "माझ्या पोरीने कुठला माग चालवायचा होता?"

दुसऱ्या दिवशी शेजारची ललिता येऊन म्हणाली, "आपण पालिकेत जाऊया. दवाखाना मागूया. कार्डवाल्यांचा नाय, सगळ्यांचा."

तिथून सुरुवात झाली. दहा-पंधरा बायका वॉर्ड ऑफिसात जाऊ लागल्या. साहेब चांगलं बोलत, चहासुद्धा पाजत, आणि जागा नाही म्हणून परत पाठवत. जागा मिळेपर्यंत बसून काय राहायचं, म्हणून बकुळाने चाळीच्या तळमजल्यावरची तालमीची खोली मागितली. तालमीचा प्रमुख रघुवीर. अंगाने आडदांड, बोलायला फटकळ, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पुढे असणारा. त्याने थोडे आढेवेढे घेतले, मग किल्ली तिच्या हातात दिली. "मुद्गल हलवायचे नाहीत आणि मारुतीपुढे चपला घालून जायचं नाही," एवढीच त्याची अट.

डॉक्टर मिळाली गिरगावातून. डॉ. उर्मिला तळपदे. घराणं जुनं पाठारे प्रभूंचं, वडील हायकोर्टात वकील. ती आठवड्यातून दोनदा ट्रामने यायची, पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, आणि आल्या आल्या हात धुवायला पाणी मागायची. बायका तिला डॉक्टरबाई म्हणत. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "बकुळाबाई, कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, काही ठरवलंय का?"

"दारात आला तो आपला," बकुळा म्हणाली होती. "कोण, कुठला, कोणाचा, विचारायचं नाय. मला विचारलं तेव्हा काय झालं ते मला ठाऊक आहे."

याप्रमाणे वर्षभर चाललं. कामगारांच्या बायका आल्या, भय्ये आले, मदनपुऱ्याकडचा एक विणकर आपल्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घालून आला. कोपऱ्यावरच्या गुजराती वाण्याची सून जमना पोटुशी होती. तिच्या पायांवर सूज होती, तीही येऊ लागली.

मग छप्पन सालचा जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला न देता दिल्लीच्या ताब्यात ठेवायची, ही बातमी रेडिओवर आली आणि गिरणगाव पेटून उठलं. गिरण्या बंद, ट्रामा बंद, रस्त्यावर दगडांचा खच. पोलिसांच्या गाड्या फिरू लागल्या आणि गोळीबाराचे आवाज चाळीच्या भिंतींवर आपटू लागले. डॉक्टरबाई आदल्या दिवशी आल्या होत्या त्या अडकून पडल्या. गिरगावला परतायची वाटच उरली नाही. त्या बकुळाच्या खोलीत चटईवर झोपल्या आणि सकाळी उठून तालीम उघडून बसल्या.

त्या सकाळी बकुळाचा भाऊ शशिकांत मोर्चाबरोबर गेला. वय ऐन विशीतलं. गिरणीत बदली कामगार होता आणि समोरच्या खोलीत आईबरोबर राहायचा. जाताना त्याने बकुळाच्या ताटातली अर्धी भाकरी उचलली. "ताय, दुपारला माझ्यासाठी कालवण ठेव," म्हणाला आणि जिना उतरला.

नाक्यावर गोळीबार झाल्याचं कळलं तेव्हा कालवण चुलीवरच होतं. बरोबरची पोरं धापा टाकत परत आली. शशिकांत त्यांच्यात नव्हता. "पडताना बघितला," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "नाय, पळाला तो, भारतमाता थेटराच्या अंगाला पळाला." बकुळा आणि गंगाधर दोघं बाहेर पडली. गल्ल्यागल्ल्यांतून करी रोडच्या पुलापर्यंत गेली. तिथे शिपायांनी बंदुका आडव्या धरून तिला मागे फिरवलं. गंगाधर कसाबसा निसटून परळच्या इस्पितळाकडे गेला. ती एकटी परत आली.

परतताना तिने रस्त्यात एक चप्पल बघितली. शशीची नव्हती. तरी ती उचलून तिने उलटीसुलटी करून पाहिली आणि परत जागच्या जागी ठेवली.

चाळीच्या पटांगणात शिरली तर तालमीच्या पायरीवर रक्ताचे ठिपके. तिला वाटलं, शशी. ती धावतच आत घुसली.

लाल मातीच्या हौद्याशेजारी, फळकुटावर एक माणूस आडवा पडला होता. पोलीस शिपायाचा निळा गणवेश, पायांत पट्ट्या. पिवळी टोपी जमिनीवर. कपाळापासून कानापर्यंत डोकं फाटलं होतं आणि डॉक्टरबाई दोन्ही हातांनी कापूस दाबून बसल्या होत्या. ललिता चुलीवर पाणी उकळत होती. कोपऱ्यात भिंतीला टेकून जमना बसली होती. ती सकाळीच कळा येतात म्हणून आली होती आणि मग तिला घरी जाता आलं नव्हतं.

"कोणी आणला ह्याला?" बकुळाने विचारलं.

"आपणच आला," ललिता म्हणाली. "कोणीतरी वरून सोड्याची बाटली मारली. त्याची माणसं पुढे गेली, हा मागे राहिला. पायरीवर येऊन पडला. बकुळे, शशी?"

बकुळाने मान हलवली. तिची नजर त्या गणवेशावरून हटेना.

"काढा ह्याला बाहेर," ती म्हणाली.

"काढू. टाके घातल्यावर," डॉक्टरबाई वर न बघता म्हणाल्या.

"आत्ताच्या आत्ता."

"बकुळाबाई, आता हलवला तर पटांगण ओलांडायच्या आत जाईल. तुम्हीच म्हणाला होतात, कोण, कुठला विचारायचं नाही."

"ह्याला विचारायला कशाला हवं? अंगावरच लिहिलंय." बकुळाने गणवेशाकडे बोट केलं. "माझा भाऊ कुठे पडलाय मला ठाऊक नाय, डॉक्टरबाई. आणि ह्याला मी माझ्या दवाखान्यात झोपवू?"

डॉक्टरबाईंनी कापसावरचे हात काढले नाहीत.

तेवढ्यात दारावर थाप पडली. मग दुसरी, मग लाथ. बकुळाने आत येताना सवयीने अडसर घातला होता, म्हणून दार टिकलं. बाहेर पटांगण भरल्याचा आवाज येत होता.

"बकुळा! तो आत हाय! रक्त पायरीपर्यंत आलंय!"

"दे बाहेर त्याला!"

शिपायाने डोळे उघडले. पोरगेलाच होता, मिशीसुद्धा धड फुटलेली नव्हती. त्याला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं आणि समजतही होतं, कारण भाषा त्याचीच होती. तो उठायला बघू लागला. डॉक्टरबाईंनी त्याला कोपराने खाली दाबला.

बकुळा दाराशी गेली आणि तिने अडसर काढला.

"बकुळे, काय करतेस!" ललिता ओरडली.

बकुळाने दाराची एक फळी उघडली आणि त्या फटीत उभी राहिली. पटांगणात गल्लीतली सगळी ओळखीची तोंडं होती. तिच्याकडे जेवणारे चार-पाच जण अगदी पुढे. कोणाच्या हातात सळई, कोणाच्या हातात कौलाचा तुकडा. सगळ्यांच्या पुढे रघुवीर. त्याच्या शर्टाची बाही खांद्यापासून फाटली होती. वरच्या गॅलरीत, कठड्याला धरून, तिची आई उभी होती.

"बकुळा, बाजूला हो," रघुवीर म्हणाला. त्याने आवाज चढवला नव्हता. "तुला हात लावायचा नाही आम्हाला. शशी आमचाही आहे. तू नुसती बाजूला हो."

बकुळाच्या मनात आलं, होते बाजूला. तिला काही करायचंच नव्हतं. दोन पावलं सरकायची, एवढंच. मग जे व्हायचं ते त्यांच्या हातून झालं असतं. तिने एक पाय मागे घेतलाही.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "आणि ती शेटाणी पण आतच हाय! सकाळपासून बसलीय!"

"तिलाही काढा!"

"आमच्या मुंबैवर हक्क सांगतायत आणि औषध आमच्या तालमीत!"

गर्दीतून हुंकार आला. मघाचाच, पण आता त्याला नवीन वाट मिळाली होती. बकुळाने मागे वळून पाहिलं. जमनाने हे ऐकलं होतं. तिने दोन्ही हात पोटाभोवती घेतले होते आणि ती भिंतीला इतकी चिकटली होती की जणू भिंत तिला आत घेणार होती.

बकुळाने पाय परत उंबऱ्यावर रोवला. आज शिपाई, मग वाण्याची सून. त्यानंतर मदनपुऱ्याची म्हातारी. दार एकदा निवड करायला लागलं, की ते कोणापाशी थांबणार? आणि उद्या तिथे उभं राहून 'तू हो, तू नको' म्हणणार कोण? तीच. बेबीला कडेवर घेऊन ती ज्या माणसासमोर उभी राहिली होती, त्याच्या जागी.

पण हे सगळं सांगून त्या माणसांनी ऐकलं नसतं.

"रघुवीरदादा," ती म्हणाली, "तू ये आत. एकटा. तालीम तुझी आहे. आत येऊन बघ, आणि मग काय करायचं ते तूच ठरव. बाकी कोणी पायरी चढला, तर उद्यापासून माझ्या खोलीत त्याला ताट नाय."

एकाने शिवी हासडली. पण तिच्याकडे जेवणारे जागच्या जागी थबकले. रघुवीरने मागे वळून हात वर केला, आणि तिने सोडलेल्या फटीतून तो आत आला. तिने अडसर परत घातला.

आत आल्याबरोबर डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं झालं. ताकदवान माणूस हवा होता. ह्याचं डोकं धरा."

"मी?"

"भूल नाही माझ्याकडे. तो हलला तर सुई डोळ्यात जाईल. धरा!"

रघुवीर बकुळाकडे बघत राहिला. बाहेर दारावर दगड आदळला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्या दोन पंजांनी, ज्यांनी तो मुद्गल फिरवायचा, त्याने शिपायाचं डोकं धरलं. पहिला टाका पडला तसा पोरगा किंचाळला आणि त्याने रघुवीरचं मनगट पकडलं. शेवटचा टाका पडेपर्यंत ते त्याने सोडलं नाही. रघुवीरनेही सोडवून घेतलं नाही. बकुळा दाराला पाठ लावून उभी होती. बाहेरून पडणारी प्रत्येक थाप तिला तिच्या मणक्यात जाणवत होती.

"कुठला रे तू?" रघुवीरने एकदाच विचारलं.

"वाईचा," पोरगा म्हणाला आणि त्याची शुद्ध हरपली.

टाके संपले. रघुवीर उठला. त्याच्या हातांना कोपरापर्यंत रक्त होतं. ते न पुसताच त्याने अडसर काढला आणि तो पायरीवर गेला.

"मेला तो," तो गर्दीला म्हणाला. "संपला विषय. घरी जा. आता पोलीस येतील, इथे कोणी दिसू नका."

गर्दीचा आवाज एकदम खाली बसला. रघुवीरच्या हातांकडे सगळे बघत होते. मग सळई धरलेला एकजण मागे सरला, त्याच्यामागून दुसरा. मघाशी ज्यांना त्याचा जीव हवा होता, त्यांना आता तो गेला म्हटल्यावर त्या जागी उभं राहवेना. पटांगण रिकामं झालं.

दिवस कलायच्या आत पोलिसांची गाडी आली आणि घोंगडी पांघरलेल्या शिपायाला उचलून घेऊन गेली. त्याचं पुढे काय झालं, हे बकुळाला कधीच कळलं नाही. जमनाच्या कळा थांबल्या होत्या, तिला तिचा सासरा मागच्या बोळातून घेऊन गेला.

गंगाधर परत आला तो जिना चढलाच नाही. खालच्याच पायरीवर बसला. बकुळाला सांगावं लागलं नाही. शशिकांतला इस्पितळात कोणीतरी पोचवलं होतं. डॉक्टरांनी हात लावला होता, पण गोळी छातीत होती.

आई रडली नाही. बकुळा तिच्यापाशी गेली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्या झिलाक मारल्यानी, आणि तू त्येंच्या माणसाक जगयलंस." त्यानंतर तिने लेकीशी बोलणं टाकलं, तिला 'माझा चेडू' म्हणणंही. खोल्या समोरासमोर होत्या, पण बकुळा दिसली की म्हातारी दार लोटून घ्यायची.

शिपाई जिवंत होता हे चाळीत फुटायला वेळ लागला नाही. कोणी रघुवीरला तोंडावर काही बोललं नाही, पण सभेला तो गेला की लोक सरकून बसू लागले. दहाव्याच्या दिवशी तो बकुळाच्या दारात आला.

"आयुष्यात पहिल्यांदा माझ्या माणसांशी खोटं बोललो," तो म्हणाला. "तुझ्यामुळे. चुकलो असं म्हणत नाही मी. पण किल्ली दे."

तिने किल्ली दिली. तालमीला कुलूप लागलं. डॉक्टरबाईंच्या बाटल्या आणि कापूस ललिताने एका पेटीत भरून ठेवला.

बकुळाला वाटलं, संपलं. ती स्वयंपाक करी, वाढी आणि भिंतीकडे बघत बसे. जेवायला येणारे निम्मे झाले होते. वॉर्ड ऑफिसचं नावही तिने काढलं नाही. शशी आणि तो निळ्या कपड्यांतला पोरगा तिच्या डोक्यात आलटून पालटून यायचे. आपण बरोबर केलं का, ह्याचं उत्तर तिला रोज वेगळं मिळायचं.

एका दुपारी ललिता आली आणि तिच्या हातातली उलथणी काढून घेतली.

"खाली चल."

"कशाला?"

"डॉक्टरबाई आल्यात."

खाली जिन्याच्या पोकळीत, जिथे चाळकरी मोडकी पिंपं टाकत, तिथे जागा झाडून चटई घातली होती. साडीचा आडपडदा केला होता. स्टुलावर डॉक्टरबाई बसल्या होत्या, पाठ वाकवून, कारण वर जिना होता. समोर आठ-दहा बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या नवऱ्याने त्या दिवशी दारावर दगड मारला होता, हे बकुळाला माहीत होतं. तिच्या मांडीवरच्या पोराला गोवर निघाला होता.

बकुळाने त्या बाईकडे बघितलं. बाईने मान खाली घातली.

"पोराला उन्हात धरू नको," बकुळा म्हणाली. "इकडे सावलीत ये."

जिन्याखाली फार दिवस भागणार नव्हतं, हे सगळ्यांनाच कळत होतं. आता बायका वॉर्ड ऑफिसात गेल्या त्या आजाऱ्यांना घेऊनच. खोकणाऱ्या म्हाताऱ्या, तापलेली पोरं, ओल्या बाळंतिणी. साहेबांच्या दारासमोरच्या ओसरीवर त्या बसून राहिल्या. चहा आला, तो त्यांनी आजाऱ्यांना दिला आणि उठल्या नाहीत. दर सोमवारी हेच. परळच्या बायका येऊन मिळाल्या, मग वरळीच्या बीडीडी चाळीतल्या. प्रत्येकीची मागणी एकच होती, आपल्या गल्लीत दवाखाना आणि त्याच्या दारात कार्डाची विचारणा नको.

पुढच्या वर्षी पालिकेची निवडणूक झाली आणि चळवळीची माणसं निवडून आली. बकुळा नव्या नगरसेवकाकडे गेली. "बाई, आधी राज्य येऊ द्या," तो कळकळीने म्हणाला. "मग दवाखानेच दवाखाने."

"राज्य यायला हवंच," बकुळा म्हणाली. "त्यासाठी माझा भाऊ गेलाय. पण राज्य येईपर्यंत पोरांना घटसर्प थांबायला सांगू का?"

त्याच्या खोलीत भिंतीशी रघुवीर उभा होता. किल्ली परत घेतल्यापासून तो बकुळाशी बोलला नव्हता. आताही तिच्याकडे न बघता तो नगरसेवकाला म्हणाला, "मंडईच्या माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. जागा नाही असं सांगू नका."

आणखी बरेच सोमवार गेले. शेवटी त्या दोन खोल्यांना चुना लागला आणि पालिकेचा दवाखाना उघडला. मोठा नव्हता. दुपारनंतर डॉक्टर नसायचा, औषधं महिनाअखेर संपायची, आणि त्यासाठी बायकांना पुन्हा ओसरीवर बसावं लागायचं. वरळीला तर अजून काहीच मिळालं नव्हतं, म्हणून बकुळा आता तिकडच्या बायकांबरोबर जाऊ लागली होती.

एका सकाळी मंडईच्या जिन्यावर रांग होती आणि बकुळा म्हाताऱ्या माणसांना बाकावर बसवत होती. जिना चढून तिची आई आली. डोळ्यांना पाणी येत होतं, पदराने टिपत होती. ती कोणाशी न बोलता बाकाच्या टोकाला बसली. बकुळा तिच्याजवळ गेली नाही. तिला धीर झाला नाही.

नवीन आलेली परिचारिका रांगेतून फिरत होती. "आजी, डोळ्यांत औषध घातल्यावर तुम्हाला दिसणार नाही. घरी कोण नेणार? बरोबर कोण आहे?"

म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. परिचारिकेने पुन्हा विचारलं. तेव्हा तिने हनुवटीने बकुळाच्या दिशेला दाखवलं.

"ता काय," ती म्हणाली. "माझा चेडू."

बकुळा पुढे झाली आणि तिने आईचा हात धरला.